घासलेली पॅलेट

संग्रहालयाचा माणूस येणार म्हटल्यावर काकूंनी पदर खोचला. चित्रकार नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याची खोली जशीच्या तशी उचलून संग्रहालयात मांडायची, असं घाटत होतं. एवढ्या नावाजलेल्या माणसाचं घर, आणि पाहुण्यानं जळमटं बघायची म्हणजे शोभाच! काकूंनी सगळे ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजवून धुतले. भिंतीवर रंग पुसून बघायची यांची जुनी खोड होती, ती भिंत पांढरीफेक करून घेतली. रंगांची पुटं चढून जड झालेली पॅलेट तर खरवडून, घासून पार लाकडावर आणली. हात सोलवटले, पण खोलीला नावं ठेवायला जागा राहिली नाही.

माणूस आला आणि दारातच थबकला.

"काकू, त्यांची खोली कुठली?"

"हीच की."

त्याचा चेहरा पडला. ते कुठला रंग कशात मिसळायचे, हे लोकांना त्या पॅलेटवरच दिसलं असतं, असं तो हळू आवाजात म्हणाला. मागे उभ्या असलेल्या लेकीनं कपाळावर हात मारला. धुळीबरोबर आपण माणूसच झाडून टाकला, हे काकूंना आत्ता कळलं.

माणूस भला होता. "आमच्याकडे कारागीर आहेत," तो म्हणाला. "फोटो बघून तसेच रंग चढवतील. कुणाला पत्ता लागायचा नाही. कोरी पॅलेट नेली तर वरचे लोक खोलीला नाहीच म्हणतील."

"चालेल," लेक घाईनं म्हणाली.

"नाही चालणार," काकूंनी पॅलेट उचलून छातीशी धरली. "यांच्या पॅलेटवर परक्याचा हात नको."

"आई, मग बाबांचं काहीच राहणार नाही तिथं."

"पॅलेटखालच्या पाटीवर काय लिहायचं, काकू?" माणसानं विचारलं.

"लिहा, बायकोनं घासली." काकूंचा आवाज चिरकला. "लग्न झाल्यापासून मी म्हणत होते, द्या इकडे, घासते. हात लावला की खेकसायचे. परवा मुद्दाम इथंच बसून घासली. सगळी घासून झाली, तरी कुणी खेकसलं नाही."

लेक मान वळवून भिंतीकडे बघत राहिली. माणसानं दोन्ही हात पुढे केले.

"अशीच द्या," तो म्हणाला. "वरच्यांशी मी बोलतो."