व्हिनेगर जातं कुठे?

शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या व्हॅनवाल्याचं डोकं दोन दिवस चक्रावलं होतं. जुन्या व्हॅनच्या रेडिएटरमध्ये क्षारांचा पांढरा थर इतका साचला होता, की चढ लागला रे लागला की इंजिन तापलंच. आणखी एकदा गाडी रस्त्यात बंद पडली तर फेरी दुसऱ्याला देऊ, असं शाळेच्या मोठ्या बाईंनी तोंडावर सांगितलं होतं. त्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा, पोरं उन्हात ताटकळली होती.

मिस्त्रीने सांगितलेला उपाय अगदी सोपा होता. इंजिन गार झालं की पाणी काढून टाक, व्हिनेगर घातलेलं पाणी भर, रात्रभर राहू दे. सकाळी सोडलंस की सगळी घाण बाहेर येईल. याने ते एकदा सोडून दोनदा केलं. आणि दोन्ही सकाळी रेडिएटरच्या तोटीतून आलं काय, तर चक्क पिता येईल असं स्वच्छ पाणी. वाससुद्धा नाही. व्हिनेगर पितं कोण, भूत? बायकोने बाटली हुंगून पाहिली, मिस्त्रीनेही हात टेकले. रविवारी संध्याकाळी त्याने तिसऱ्यांदा व्हिनेगर भरलं आणि सोमवारी उजाडायच्या आत अंगणात गेला.

तिथे त्याचे बाबा व्हॅनपाशी उकिडवे बसले होते. तोटी उघडी, तपकिरी पाणी गटाराकडे चाललेलं, शेजारी बोअरच्या पाण्याची भरलेली बादली.

"बाबा, हे काय करताय?"

"रोजचंच. तीस वर्षं ट्रक चालवला, शिळ्या पाण्यावर कधी गाडी काढली नाही. डोळ्यांपायी माझी चावी काढून घेतलीत, तेव्हापासून एवढं तरी करतो. तू झोपलेला असतोस, तुला काय कळणार?"

व्हॅनवाल्याला हसावं की रडावं कळेना. रोज नवं पाणी, म्हणजे रोज नवे क्षार, आणि तेही चावी काढून घेतल्यापासून सात वर्षं. राग आला खरा, पण बाबांच्या भिजलेल्या चपला पाहून तो ओसरला. सांगावं तर यांचं मन मोडणार, न सांगावं तर फेरी जाणार.

"बोअरच्या पाण्यानेच तो थर बसतो, बाबा," तो शेवटी म्हणाला. "आता बॅटरीत घालतात ते बिनक्षारांचं पाणी भरायचं आणि वर्षभर हात लावायचा नाही."

बाबांनी तोटी बंद केली. बादली बाजूला सारली.

"म्हणजे मीच?"

"मुद्दाम थोडंच केलंत."

"आणि वर्षभर हात लावायचा नाही?"

"नाही."

ते व्हॅनला धरून उठले. "मग उद्यापासून मी उठू कशाला?" त्यांनी विचारलं, आणि खरोखरच उत्तराची वाट बघत उभे राहिले.