मर्लचं एक वाक्य

"डेल, मर्ल यात नाहीच," अर्डिथबाई फोनवर म्हणाल्या. "नुसते लोक हसतायत."

अर्डिथबाई एक्याण्णव वर्षांच्या. त्यांचे यजमान मर्ल गेल्या नोव्हेंबरात वारले. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पण सत्तर वर्षांपूर्वी दर गुरुवारी आमच्या टोलेडोच्या रेडिओवर एका विनोदी कार्यक्रमात ते वेटर व्हायचे. वाक्य एकच. हॉटेलमालक मिनिटभर त्यांच्यावर ओरडायचा, मग सगळं चिडीचूप, आणि मर्ल पुटपुटायचे, "बरं, साहेब." स्टुडिओत समोर बसलेले लोक हसून बेजार. त्या कार्यक्रमाची एकच तबकडी उरली होती. जुनी रेकॉर्डिंग साफ करणं हा माझा धंदा, म्हणून ती बाईंनी मला दिली होती.

मी महिनाभर खपून तिची खरखर काढली. पण ओरडणं ओरडण्याइतकं आणि पुटपुटणं पुटपुटण्याइतकंच ठेवलं, आणि सीडी बाईंना पाठवली. या बाबतीत मी हट्टी आहे. सगळे आवाज एका पातळीवर आणले की विनोद मेलाच म्हणून समजा. आधी शांतता नसेल तर लोक हसतील कशाला? बाईंना आता हलका आवाज ऐकू येत नाही, हे मात्र त्यांचा फोन येईपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी मी हट्ट गुंडाळून ठेवला. हलके आवाज ओढून मालकाच्या बरोबरीला आणले आणि मंगळवारी दुपारी नवी सीडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कॉफी केली. मर्ल गेल्यापासून एकदाही रडू आलं नाही, काहीच वाटत नाही, असं त्यांनी साखर हवी का विचारावं तितक्या सहज सांगितलं.

सीडी लावली. मालक ओरडला. शांततेच्या जागी तबकडीत उरलेली घरघर वर आली होती. मग मर्ल खणखणीत आवाजात म्हणाले, "बरं, साहेब." हसणं पार दबून गेलं होतं.

"आलं ऐकू?" मी मोठ्यानं विचारलं.

"आलं. पण हा मर्ल नव्हे. एवढ्या मोठ्यानं तो जन्मात बोलला नाही." त्यांनी आधीच्या सीडीचं पाकीट माझ्याकडे सरकवलं. "ती पहिली लाव बघू."

मी पहिली लावली. मालक ओरडून थांबला. बाईंनी कप खाली ठेवला. मला मर्ल ऐकू आले. त्यांना येणं शक्यच नव्हतं. त्या नुसत्या थांबून राहिल्या, आणि लोक हसले.

"आत्ता बोलला," त्या म्हणाल्या, आणि मला पुन्हा लावायला सांगितलं.