तालमीतलं मार खाणारं पोतं

मी एक जुनं पोतं आहे, मित्रांनो. तागाचं. वैरागच्या बाजारात ज्वारीने गच्च भरून थाटात उभा असायचो. ज्वारी संपली आणि माझी किंमतही संपली. मग सोलापुरात अर्शीताईंनी मला उचललं, टॉवेल कारखान्यातल्या चिंध्या पोटात कोंबल्या, तोंड शिवलं आणि बंद पडलेल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये आणून टाकलं. तिथे त्या नाटकाच्या तालमी घेतात. माझं काम एकच, मार खाणं.

ताईंची रीत अशी, की नाटकात मारामारी असली तर नटाने ती आधी माझ्यावर करायची. आपल्या पात्राला समोरच्याकडून काय हवंय ते मोठ्याने सांगायचं, मगच हात उचलायचा. लाथा, बुक्क्या, काठ्या, सगळं सोसलं मी. एका वीराने तर मला कडकडून चावा घेतला आणि मग दिवसभर तागाची कुसं थुंकत बसला.

यंदाच्या नाटकात एक भाऊ आपल्या बहिणीचं लग्न मोडायला उठतो आणि तिला मारतो. भाऊ झाला होता सतीश, बहीण मनाली. सतीशला माझा भारी तिटकारा.

"पोत्याला मारून काय फीलिंग येतंय बे? डायरेक्ट सीन घेऊ की!"

ताई चहा सांगायला बाहेर गेल्या आणि या शहाण्याने सीन सुरू केला. मनालीचे केस धरून तिला फरफटत नेलं, भिंतीवर आदळलं, हात पिरगाळला. काडकन आवाज झाला. ती किंचाळली, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, काय अभिनय करते पोरगी! टाळ्यांनी सतीशला आणखी चेव आला. त्याने तिला पुन्हा ओढलं, त्याच हाताला धरून. मी कोपऱ्यात नुसता जळफळत होतो. चिंध्यांचं पोतं दुसरं काय करणार?

मनालीचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलेला हात गळ्यात बांधून ती काही दिवसांनी तालमीला आली. सतीश म्हणाला, "सॉरी, जोर जरा जास्त लागला." ती म्हणाली, "असू दे." भूमिका तिला सोडायची नव्हती. पण तो सीन आला की तिचे पाय दारातच थबकायचे. सतीशच्या हाताच्या टप्प्यात जायचं तिला धाडसच होईना.

शेवटी ताईंनी भूमिकांची अदलाबदल केली. "मनाली, आता तू भाऊ. सतीश, तू बहीण. पोतं छातीशी घट्ट धर. मनाली, काय हवंय तुला त्याच्याकडून?"

ती म्हणाली, "किती लागलं होतं, ते त्याला कळायला हवं."

आणि तिने चांगल्या हाताने मला मारलं. लई मार खाल्ला होता मी, पण असा नाही. दुसऱ्या बुक्कीला सतीश भिंतीला टेकला. ती थांबेना. माझी शिवण उसवली, चिंध्या उडाल्या, तिची बोटं सोलवटली. माझ्यामागे त्याची छाती धडधडत होती.

"मनाली, बास! लागतंय!"

"मलापण लागलं होतं. तू थांबलास का?"

टाळी कुणीच वाजवली नाही. सतीश खाली बसला आणि रडत रडत चिंध्या गोळा करू लागला. मला त्याची कीव आली नाही, खोटं कशाला बोलू?

मग सीन नव्याने बसवला. सतीशने मूठ मनालीच्या डोक्यावर नुसती टेकवायची. तिने त्याचं मनगट धरायचं आणि स्वतःच फरफटत जायचं. तिने हात सोडला की त्याने जागच्या जागी थांबायचं. आता प्रयोगात बायका सतीशला मोठमोठ्याने शिव्या घालतात, आणि मनालीला साधं खरचटतही नाही.

मला मात्र कुणी विचारत नाही. उंदरांनी एक कोपरा कुरतडला आहे. तरी मित्रांनो, मला फेकू नका. राग तुम्हालाही येईल, हात शिवशिवतील, तेव्हा खुशाल माझ्याकडे या. मी फाटलो तर दाभण आणि हातभर सुतळी पुरते. मनालीचं प्लास्टर निघून महिने झाले, पण पाण्याची बादली ती अजून डाव्या हातानेच उचलते.