नोंदीबाहेरची फाइल

तिने एंटर दाबलं आणि पडद्यावरून अकराशे ओळी धो धो वाहून गेल्या.

"सापडलं का काही?" शेजारी स्टुलावर बसलेल्या बाबांनी विचारलं.

"थांबा. फापटपसारा वगळायचा राहिला."

दादा असता तर "वादळबाई, आधी वाचा, मग दाबा" असा टोमणा मारला असता. दादाला जाऊन सोळा दिवस झाले होते. पाच वाजता त्याच्या ऑफिसचा माणूस लॅपटॉप न्यायला येणार होता आणि मग तो पुसून कोरा होणार होता.

दादा भलताच काटेकोर. जपायच्या सेटिंगची एकूण एक फाइल गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, नोंदवलेली. त्या तो चारचौघांना दाखवायचा, त्यांची प्रत तिच्याकडेही होती. नोंदीबाहेर राहिलेलं मात्र आज कायमचं जाणार होतं. म्हणून ही चार ओळींची स्क्रिप्ट: होम फोल्डरमधल्या सगळ्या लपलेल्या फाइली काढ, नोंदवलेल्या वजा कर, उरतील त्या दाखव. बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना फक्त पोराच्या हातचं काहीतरी हवं होतं.

दुसऱ्या खेपेला सहा उरल्या. पाच निव्वळ कचरा. सहावीचं नाव होतं 'बाबा'.

तिने ती उघडली आणि तिला ती लगेच मिटावीशी वाटली. रोज साडेसातला पडद्यावर आठवण यावी, अशी सोय होती: बाबांना फोन.

बाबांनी तेवढ्यात वाचलं होतं.

"म्हणजे त्याला आठवण करून द्यावी लागायची?"

पोरगा साडेसात कधी चुकवत नाही, हे बाबा भेटेल त्याला सांगत. ऐकून तिला मनातून झोंबायचं, कारण तिचा फोन पंधरा दिवसांतून एकदा. आज तिला त्यांच्याकडे बघवेना.

"खालचं वाचा ना, बाबा."

डावा गुडघा विचारणे. डोळ्यांचे थेंब. 'जेवलात का' विचारू नये, चिडतात. मधेच गप्प झाले तर फोन ठेवू नये, आईची आठवण आलेली असते.

बाबा पुन्हा पुन्हा वाचत राहिले. दाराची बेल वाजली, तेव्हा तिने घाईघाईने फाइल पेनड्राइव्हवर घेतली.

"तुझ्या कॉम्प्युटरवर चालेल ती?"

"चालेल."

"मग एक दुरुस्ती कर," टेबलाचा आधार घेऊन उठत बाबा म्हणाले. "आता उजवा दुखतो."