काकांचा पाचवा फोटो

मी एक गाळणी बोलतेय. स्वयंपाकघरातली नव्हे, ऑफिसातली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका ऑफिसात जी ईमेल येतात, ती आधी माझ्याकडे येतात. कामाची असतील ती मी पुढे सोडते, फालतू असतील ती कचऱ्याच्या पेटीत टाकते. आज मला बोलायलाच हवं, कारण माझ्यामुळे टपाल बघणाऱ्या ताईंच्या जिवावर बेतलंय.

माझा जन्म महिन्याभरापूर्वी एका सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत झाला. संगणकवाल्याने मला मशीनवर उतरवलं, तेव्हा मी नुसता सांगाडा होते. माझ्यासारखीला चालायला मॉड्यूल लागतात, म्हणजे एकेका कामापुरते छोटे प्रोग्राम. एक पत्ता तपासतो, एक जोडलेली फाइल उघडतो, एक चित्रातली अक्षरं वाचतो. एक बसवायला जावं तर तो म्हणे आधी दुसरा आणा, दुसरा तिसऱ्याकडे बोट दाखवी. संगणकवाला न वाचताच 'हो, हो' दाबत सुटला. शेवटी अक्षरं वाचणाऱ्यापाशी घोडं अडलं. तीनदा चाचणी घेतली, तिन्ही वेळा नापास.

"अजून किती वेळ?" ताईंनी विचारलं.

"झालंच. एक राहिलाय, पण त्याच्यावाचून काही अडत नाही."

तशीच मी कामाला लागले. रोज सकाळी सुरू होताना मी माझ्या नोंदवहीत लिहायचे, की चित्रं वाचणारा मॉड्यूल नाही. ती नोंदवही कुणी उघडलीच नाही. हिरवा दिवा दिसला की माणसं निश्चिंत होतात, हे मी तेव्हाच शिकले.

मिस्त्रीकाका गावोगावच्या लिफ्ट तपासत हिंडायचे. साहेबांनी त्यांना बजावलं होतं, तोंडी काही सांगायचं नाही, सगळं ईमेलने. काकांना टाइप करणं म्हणजे शिक्षा. ते वहीत पेनाने लिहीत, पानाचा फोटो काढत आणि नुसता फोटो पाठवून मोकळे होत. मला दिलेला नियम साधा होता: शब्द नाहीत, फक्त चित्र आहे, तर पत्र संशयित. काकांचे चार फोटो मी बिनदिक्कत कचऱ्यात टाकले.

"काकांचं काहीच नाही या महिन्यात," एकदा साहेब म्हणाले.

"म्हणजे सगळं ठीक असणार," ताई हसून म्हणाल्या. "काही बिघडल्याशिवाय ते कुठे लिहितात?"

आज एका गिऱ्हाइकाने तक्रार केली, की त्याचे फोटो पोचत नाहीत. संगणकवाला दुपारी परत आला आणि राहिलेला मॉड्यूल त्याने बसवला. या वेळी चाचणी पहिल्या फटक्यात पास झाली. मग गिऱ्हाइकाचे फोटो तेवढे बाहेर काढून त्याने मला शिकवणीला बसवलं: ही कचऱ्याची उरलेली सगळी पत्रं वाच, आणि असं पुन्हा आलं की कचरा म्हणून ओळख.

मी पहिल्यांदाच काकांचं अक्षर वाचलं. एका दवाखान्याची लिफ्ट. दोराच्या सात तारा तुटलेल्या. पुढच्या फोटोत अकरा, मग एकोणीस. चौथ्यात लिहिलं होतं, 'दोर बदलायची परवानगी द्या. तोवर लिफ्ट बंद ठेवू का? उत्तराची वाट बघतोय.'

त्या दवाखान्याचा पत्ता मला पाठ आहे. दर गुरुवारी पाच वाजता, चौथ्या मजल्यावर, ताईंच्या आईंचे गुडघ्याचे व्यायाम असतात. त्यांच्या वेळेची पत्रं ताईंना टाइप केलेली येतात, त्यामुळे मी एकही अडवलं नाही. आज गुरुवार आहे.

"हे जुनं काय करू?" ताईंनी विचारलं.

"उडवा. शिकून झालंय तिचं."

ताईंनी पेटी रिकामी केली आणि पर्स उचलली. "साहेब, निघते हं. आईला चाकाच्या खुर्चीतून न्यायचंय, लिफ्टपाशी गर्दी व्हायच्या आत पोचलेलं बरं."

साडेचारला काकांचा पाचवा फोटो आला. 'आजच बंद करा. मी दुसऱ्या गावी आहे, दवाखानेवाले माझं ऐकत नाहीत. तुम्ही फोन करा.' आता मला सगळं वाचता येतं. पण हे अक्षर कचऱ्याचं, असं मला आजच शिकवलंय, आणि शिकवल्याबाहेर मला वागता येत नाही. मी तो फोटो कचऱ्यात टाकला.

हे जो कुणी ऐकत असेल, त्याला हात जोडून सांगते. साहेब अजून खुर्चीत बसलेत, फोन त्यांच्यासमोरच आहे. त्यांना म्हणावं, कचऱ्याची पेटी उघडा. तिच्यात एकच पत्र आहे.