कडेवर घेतलेलं लोखंड

मनू दुपारची झोपते, त्या दीड तासात रबाळ्याला डबा देऊन यायचं असा माझा बेत होता. त्या शनिवारी बाईसाहेब झोपल्याच नाहीत. मग डबा उजव्या हातात, मनू डाव्या कडेवर, अशी मी रिक्षाने अश्विनभाऊंच्या गॅरेजच्या शेडमध्ये पोचले आणि दारातच थांबले.

आमची पिकअप चार लोखंडी घोड्यांवर उंच उभी होती. पुढची चाकं नव्हती आणि चाकांना धरणारे हातही सोडवून ठेवले होते. माझं कपाट, माझी भांडी लग्नात याच गाडीतून घणसोली गावात आली होती. तिला असं पुढून उघडं बघून मी उगाच मनूचं झबलं खाली ओढलं.

सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, वीस वर्षं तिच्यातून विटा आणि रेती वाहिली. मग ती घरामागे नुसती उभी राहिली. माझ्या नवऱ्याला, रूपेशला, ती चिखला-दगडांच्या शर्यतीत उतरवायची होती. दोनदा उतरवलीही, आणि दोन्ही वेळा खड्ड्यात पुढचा एकेक हात मोडला. कारण तिची पुढची चाकं वेगवेगळ्या हातांवर लटकत होती. ज्याचा भार त्याच्यावर. आता तिथे या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच सलग जाड एक्सल बसवायचा होता. त्यासाठी चासीवरच्या, गाडीच्या सांगाड्यावरच्या, जुन्या पकडी कापायला लागणार होत्या, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. बाबांनी आठ महिन्यांनी होकार दिला तोही एका अटीवर.

"एकदाच काप, रूपेश. चुकलास त मी तिला भंगारात देईन. परत हात लावू देनार नाय."

बाबा बोलतात तसं करतात. गावात सगळ्यांना माहीत आहे.

गाडीपुढे जमिनीवर दोन एक्सल आडवे ठेवले होते. भंगारवाल्याने दोन्ही सोमवारपर्यंत बघायला दिले होते. एक लष्कराच्या जुन्या ट्रकचा, रुंद आणि माझ्या मांडीएवढा जाड. दुसरा कुठल्याशा म्हाताऱ्या जीपचा, अंगभर गंजलेला. रूपेशचा जीव कुठल्यावर जडला होता ते विचारायला नको होतं. जाड्याला त्याने घासूनपुसून ठेवलं होतं.

"हात लावून बघ, निशी," तो म्हणाला.

मी लावला. एवढ्या उकाड्यातही ते लोखंड माठासारखं गार होतं. मनूनेही तळवा टेकवला आणि गप्प झाली. एरवी ती कशालाही गप्प होत नाही.

अश्विनभाऊंनी एक्सलच्या मधोमध खाली लाकडाचा ठोकळा सरकवला आणि एक टोक पायाने दाबलं. दुसरं टोक, एवढं अजस्र, सावकाश वर आलं. "बगा वहिनी, एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपसूक जमिनीत रुततं. पकड सुटतच नसती."

"ही त कावड हाय रं!" कोपऱ्यात स्टुलावर बसलेले बाबा एकदम उठलेच. मिठागरात ते पोरवयात कावडीने मीठ वाहायचे. "एक टोपला वर, एक खाली, नि मधी मानूस. यवढं शिकून तुमी शेवटी कावडच बनवली?"

"मग काय बाबा, पेटंट तुमचंच," रूपेश हसला. "अश्विन, खडू घे. जाड्या फायनल."

खडूच्या रेघा चासीवर उमटल्या. अश्विनभाऊंनी ग्राइंडरची पिन लावली, चष्मा चढवला. इतक्यात मनूने खुळखुळा फेकला. तो गडगडत गाडीखाली गेला.

"थांबा हं, एक मिनिट." मी मनूला सावरत गुडघ्यांवर बसले आणि आत हात घातला. तिथून पहिल्यांदाच मला गाडीचं पोट दिसलं. किती काय काय होतं तिथे, आणि सगळं कुणीतरी एकेकाळी विचार करून बसवलेलं! गिअरबॉक्सकडून पुढच्या चाकांना ताकद नेणारा दांडा एका बाजूला मोकळा लटकत होता. त्याच्या टोकाला चार भोकं. तशीच चार भोकं जाड्या एक्सलच्या एका अंगाला फुगलेल्या गोल पोटाला, त्याच्या तोंडाशी, मी आत्ताच पाहिली होती. पण इथून वळून पाहिलं तर एक्सलची नुसती पाठ दिसत होती. ही दोन तोंडं एकमेकांकडे बघतच नव्हती.

मी उठले. "हे तोंड त्या दांड्याला जोडायचं ना?"

"हो. दांडा उजव्या अंगाला, पोटपण उजव्या अंगाला. तीनदा चेक केलंय मॅडम," रूपेश म्हणाला.

"पण तोंड तर तुमच्याकडे आहे."

"मग फिरवणार ना ते."

मी गाडीला पाठ करून, एक्सलपलीकडे उभ्या त्या तिघांकडे तोंड करून उभी राहिले. मनू डाव्या कडेवर, म्हणजे त्यांच्या उजवीकडे, बरोबर दांड्याच्या बाजूला.

"मी एक्सल. मनू माझं पोट. आता फिरते."

मी गाडीकडे वळले. मनू माझ्याबरोबर वळली आणि पार दुसऱ्या बाजूला गेली. दांडा राहिला तिकडेच.

मग अश्विनभाऊंनी ग्राइंडरची पिन हळूच काढली.

"उलटा बसवू," रूपेश पुटपुटला. "वरची बाजू खाली."

"बसव की. मागची चाकं पुढं पळतील अन् पुढची मागं. जागच्या जागी नांगरणी." अश्विनभाऊंनी चष्मा काढून कपाळ पुसलं. "भाऊ, आत्ता कापली असती आपण."

मी मनूला उजव्या कडेवर घेतलं आणि गंजक्या जीपच्या एक्सलकडे पाहिलं. त्याने आपलं पोर असंच घेतलं होतं; वळवला की पोट दांड्याच्याच बाजूला येणार. बाबा वाकले, त्याच्या गोल पोटावरून हात फिरवला. हाताला तांबूस गंज लागला तो त्यांनी पुसला नाही.

"हा," ते म्हणाले. "नि सूनबाईला इचारल्याबिगर पिन लावू नको."

रूपेश माझ्याकडे असा बघत होता, जसा तो मनू जन्मली त्या सकाळी बघत होता.

तीन आठवड्यांनी शेडमागच्या मोकळ्या जागेत राडारोड्याच्या ढिगावर रूपेशने गाडी घातली. उजवं चाक ढिगावर चढलं, कमरेएवढं वर गेलं. डावं चाक खाली, मातीत घट्ट दाबलं गेलं, आणि आमची म्हातारी पिकअप न कचरता, न घसरता वर सरकली. एवढं लोखंड, आणि एवढ्या अलगद!

मी बाबांकडे बघितलं. त्यांच्या अंगावर काहीच ओझं नव्हतं. तरी डावा खांदा आपोआप खाली झुकला होता, उजवा वर गेला होता, आणि पावलं जागच्या जागी, बारीक, जपून पडत होती, मिठागराच्या अरुंद बांधावरून चालल्यासारखी.