सुट्टीची घंटा

माझ्या धाकट्या लेकीला जुळी झाली त्या वर्षी माझ्या भावाने शाळेच्या घंटेतली चूक काढली, आणि आठवडा सरला नाही तोच शाळेचा शिपाई ती चूक परत मागायला आमच्या दारात उभा राहिला.

"साहेब आहेत का, मावशी?"

"आहे की. खुर्चीला चिकटलाय. उचलून न्यायचा असेल तर ने."

भाऊ मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायचा. कुठल्या कंपनीत नाही, एकटाच छोटे छोटे प्रोग्राम लिहायचा. एक दवाखान्यात नंबर पुकारायचा, एक वाचनालयातली पुस्तकं शोधून द्यायचा. शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून तासांच्या घंटा वाजायच्या, तो प्रोग्रामही त्याचाच. त्यात एक खोट होती. दिवसभर घंटा जराजरा मागे पडत जायची आणि सुट्टीची घंटा हमखास उशिरा व्हायची. ती खोट शोधता शोधता त्याचे डोळे चुरचुरू लागले, मान आखडली. सापडली तेव्हा त्याने मला हाक मारून दाखवली. मला त्यातलं काय कळणार? पण तो हसत होता, आणि भावजय गेल्यापासून तो हसलेला मी पाहिला नव्हता.

शिपाई चौकटीला टेकला. "साहेब, तुमची घंटा फारच वक्तशीर झाली हो."

"मग चांगलंय की."

"तुमचं चांगलं, माझं मरण. मुख्याध्यापिकाबाईंचा हुकूम आहे, घड्याळात सुट्टी झाल्याशिवाय ऑफिस सोडायचं नाही. आधी घड्याळ बघून निघायचो, खाली जाऊन फाटक उघडायचो, मग तुमची घंटा व्हायची. आता मी जिन्यातच असतो आणि पोरं बंद फाटकावर आदळतात. काल एक पोरगी चेंगरली असती. बाई म्हणाल्या, परत असं झालं तर दुसरा माणूस बघते."

"जरा भरभर चाला."

त्याने विजार वर केली. गुडघा टम्म सुजला होता.

"हे बाईंना दाखवा."

"दाखवलं की घरी बसवतील. मुलीचं शेवटचं वर्ष आहे, साहेब. तेवढं निघू दे."

"मग मी बोलतो त्यांच्याशी, घंटा जरा उशिरा ठेवा म्हणून."

"का, म्हणून विचारतील ना!"

भाऊ चिडला. "अहो, चूक होती ती! डोळे फोडून काढली मी. आता मुद्दाम घालू?"

"तुमची चूक होती, पण माझी काठी होती," शिपाई म्हणाला.

मी त्याला चहा दिला. म्हटलं, "जा बाबा, बघेल तो."

"मी काही बघणार नाही," भाऊ म्हणाला आणि त्याने चष्मा चढवला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो जागचा हलला नाही. जेवायला बोलवायला गेले तर म्हणाला, "ताई, काढतानासुद्धा एवढा दमलो नव्हतो गं." मग पेनड्राइव्ह खिशात टाकून स्वतःच शाळेत जाऊन आला.

काही दिवसांनी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. आवाज असा खणखणीत की मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

"अहो, घंटा पुन्हा उशिरा! दुरुस्त केलीत म्हणाला होतात ना?"

"केली होती, बाई. नाही टिकली."

"म्हणजे आता तुम्हाला हे जमत नाही का?"

भाऊ एका बोटाने टेबलावरची धूळ पुसत होता.

"नाही जमत," तो म्हणाला. "वय झालं."

"बरं. हे वर्ष ढकलू. पुढच्या वर्षी मी दुसरं कुणी बघते."

त्याने फोन ठेवला. मी म्हटलं, "खोटं कशाला बोललास?"

"अर्धंच खोटं होतं, ताई. भात वाढ."

शिपायाने ते वर्ष निभावून नेलं. त्याची मुलगी पास झाली. माझा भाऊ त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत, पहाटे झोपेत गेला. शाळा बंद होती, त्यामुळे तिथे कुणाला लगेच कळलं नाही.